ओल्या दारावरची राख

"पाहुणे येताहेत," आत्या म्हणाली.

रोलर माझ्या हातात होता आणि कपाटाचं दार अर्धं रंगवून झालं होतं.

"कधी?"

"आज."

"आज कधी?"

"वाईहून निघालेत. येतीलच आता."

मी रोलर थांबवला नाही. थांबवून चालणारच नव्हतं. एनॅमलचा शेवटचा हात एका दमात द्यावा लागतो. मध्येच थांबलं की तिथे रेघ उठते आणि मग ते कपाट असेपर्यंत ती रेघ आपल्याकडे बघत राहते. म्हणून दाराच्या दुसऱ्या टोकाकडे जाता जाताच मी विचारलं, "कोण पाहुणे?"

"भालचंद्र म्हणून आहेत. आणि त्यांची बहीण."

"बहीण" हा शब्द तिने उगाचच हळू उच्चारला. त्यावरून मला सगळं कळलं.

"आत्या, आज? हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही!"

"जागा मी करते. तू बनियन बदल."

"हे दार झाल्याशिवाय मी उठणार नाही."

"नको उठूस. बसल्या बसल्या बदल," असं म्हणून ती आत गेली.

आमच्या घरात मी आणि आत्या दोघंच. मी दुसरीत असताना आई गेली. वडिलांची नोकरी फिरतीची, म्हणून साताऱ्याला आत्याकडे आलो आणि तिचाच झालो. पुढे पाटबंधारे खात्यात नकाशे काढायच्या कामावर लागलो, गोडोलीत फ्लॅट घेतला आणि तिला घेऊन इथे राहायला आलो. वय चाळिशीच्या पुढे गेलं तरी लग्न झालं नव्हतं. काही स्थळं मी नाकारली, त्याहून जास्त स्थळांनी मला नाकारलं. नातेवाइकांत माझी ख्याती तापट म्हणून होती आणि ती खोटी नव्हती. मला राग येतो तो पटकन येतो आणि मोठ्या आवाजात येतो.

महिनाभरापूर्वी आत्याने रेवतीचा फोटो माझ्यासमोर ठेवला होता. वाईच्या सरकारी दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर काम करते, सदतिशी उलटली आहे, एवढंच तिने सांगितलं. एरवी मी फोटो न उचलताच "नको" म्हणायचो. या वेळी फोटो उचलला आणि "बघू" म्हणालो. आत्याने तेवढ्यावरून ओळखलं.

"हे शेवटचं," ती म्हणाली होती. "यानंतर मी कुणाच्याही घरी तुझा विषय काढणार नाही. मला आता जिने चढवत नाहीत."

तिला जिने चढवत नव्हते आणि तिचा उजवा हातही खांद्याच्या वर जात नव्हता. डाळ-तांदळाचे डबे वरच्या फळीवर होते आणि ते काढायला ती स्टुलावर चढायची. तिला तसं चढलेलं पाहिलं त्याच दिवशी मी ठरवलं, ओट्याच्या बाजूला कमरेच्या उंचीचं बुटकं कपाट करायचं. बाजारातून एमडीएफचे तक्ते मापात कापून आणले आणि रंग घरीच द्यायचा असं ठरवलं. आत्या एमडीएफला पुठ्ठा म्हणायची. "पुठ्ठ्याला कसला रंग लावतोस? पाणी लागलं की फुगेल." ती असं म्हणाली आणि मी इरेला पेटलो.

पहिल्या खेपेला माझं नाक कापलं गेलं. दाराचा सपाट भाग छान झाला, पण कडा मात्र टोस्टासारख्या खरखरीत. एमडीएफ म्हणजे लाकडाचा दाबलेला भुसा. वरून तो गुळगुळीत असतो, पण कापलेल्या कडेला त्याची तहान उघडी पडते. जितका रंग लावू तितका ती कड पिऊन टाकते. मग मी ते दार बाजूला टाकलं आणि नव्याने सुरुवात केली. फेविकॉल पाण्यात पातळ करून कडांना पाजला, वाळू दिला, पॉलिशपेपरने घासला, पुन्हा पाजला. मग प्रायमर, मग घासणं, मग रंगाचा पातळ हात, पुन्हा घासणं. दर वेळी ओल्या फडक्याने भुकटी पुसायची आणि वाळेपर्यंत ढुंकूनही बघायचं नाही. ऑफिसातून आलो की मी हेच करायचो. आत्या म्हणायची, "एवढी सेवा देवाची केली असतीस तर एव्हाना बायको मिळाली असती."

त्या रविवारी शेवटचा हात होता. धूळ बसू नये म्हणून पंखा बंद केला होता, खिडक्या लावल्या होत्या, फरशी ओल्या फडक्याने पुसली होती. आत्याला केर काढायला बंदी होती. दारं जमिनीला चिकटू नयेत म्हणून प्रत्येकाखाली चार चार पेले उपडे ठेवले होते. घरातले सगळे स्टीलचे पेले त्यात गेले. टर्पेंटाइनचा वास तर जिन्यापर्यंत पोचला असणार.

बेल वाजली तेव्हा माझं शेवटचं दार पूर्ण होत आलं होतं.

भालचंद्रराव आधी आत आले. अंगाने आडवे, मोकळ्या स्वभावाचे, मोठ्याने बोलणारे. "वा वा, कारखानाच काढलाय!" असं म्हणत ते दारांमधून वाट काढत सरळ खुर्चीपर्यंत गेले. माझा जीव त्यांच्या धोतरासारख्या रुंद पायजम्याच्या काठात अडकला होता.

रेवती उंबऱ्यातच थांबली. चपला काढल्या, जमिनीवर मांडलेली पांढरी दारं पाहिली आणि मला विचारलं, "कुठून येऊ?"

मी भिंतीच्या कडेकडे बोट दाखवलं. साडीचा काठ हाताने उचलून धरून ती भिंतीला लागून आली आणि बसली. पर्स तिने खुर्चीच्या पायाशी ठेवली. मला फार बरं वाटलं. कुणीतरी विचारून आत येतंय याचंच बरं वाटलं असावं.

"या बनियनबद्दल माफ करा," मी म्हणालो. "एवढं झालं की उठतो."

"तुमचं चालू द्या," ती म्हणाली.

आत्याने पाणी आणलं ते एक तांब्या आणि देवाच्या पूजेतलं फुलपात्र घेऊन. "पेले सगळे कामाला लागलेत," ती म्हणाली आणि जमिनीकडे बोट दाखवलं. रेवतीने वाकून दाराखाली पाहिलं आणि ओठ मिटून हसली. मग त्या एका फुलपात्रातून दोघं भावंडं आळीपाळीने वरून पाणी प्यायली.

"छान चमक आलीय हो," भालचंद्रराव म्हणाले. "वाळलंय का?" आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी वाकून जवळच्या दारावर अंगठा टेकवला.

ठसा उठला. ठसठशीत, रेघान् रेघ दिसावी असा.

"अरेरे, ओलं होतं," ते अंगठा रुमालाला पुसत म्हणाले.

रोलर त्यांच्याच अंगावर फेकावा असं वाटलं. पण समोर पाहुणे होते, त्यातही वधूपक्षाचे. मी हसलो. दात दाखवून हसलो. "असू दे, असू दे. घासून टाकू. त्यात काय!"

रेवती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आपण छान निभावलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून धुराचा लोट आला आणि त्याच्यामागून आत्या आली. हातात पितळी धुपाटणं, त्यात रसरसलेले निखारे, वर ऊद. टर्पेंटाइनचा वास पाहुण्यांच्या डोक्यात जाईल म्हणून तिला ही युक्ती सुचली होती. मी ओरडणार एवढ्यात ती हॉलच्या मध्यावर येऊन उभी राहिली. धूर नीट होत नाही असं तिला वाटलं, म्हणून तिने गाल फुगवून निखाऱ्यांवर जोरात फुंकर मारली.

राख उडाली. करडी, हलकी, भरपूर. बंद खोली, बंद पंखा, त्यामुळे ती कुठे गेलीच नाही. जराशी वर चढली आणि मग निवांत खाली आली. आत्ताच रंगवलेल्या, आरशासारख्या पांढऱ्या दारांवर येऊन बसली.

"आत्या!" मी असा ओरडलो की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. "काय केलंस हे? महिनाभर घासतोय मी! केरसुणीसुद्धा लावू दिली नाही, आणि तू राख उडवतेस? ओल्या रंगावर? डोळे आहेत का काय आहे?"

भालचंद्ररावांनी फुलपात्र खाली ठेवलं. रेवतीने पायाशी ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि तिचा पट्टा मुठीत धरला. ती पर्स मला स्पष्ट दिसली. संपलं, मी मनात म्हणालो. एवढी वर्षं लोक जे सांगत होते ते मी तिला पहिल्या भेटीतच करून दाखवलं.

आत्या जागची हलली नाही. धूर तिच्या चेहऱ्यासमोरून चालला होता. ती म्हणाली, "झालं ओरडून?"

मी राखेकडे बोट दाखवलं.

"डोळे आहेत मला. ह्या डोळ्यांना तू सकाळपासून दारं झाकून ठेवताना काही दिसला नाहीस. चादरी काय घडी घालून पूजेला ठेवल्यात? आणि ओरडायचं असेल तर आधी हे घे माझ्या हातातून, चटका बसतोय."

मी धुपाटणं घेतलं. दुसरं काय करणार? रंगाचे डाग पडलेला बनियन, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, आणि हातात धूर सोडणारं धुपाटणं घेऊन मी माझ्याच हॉलच्या मध्यावर आरतीला उभा राहिल्यासारखा उभा होतो.

"आणि बनियन बदल," आत्या म्हणाली. "मघापासून सांगतेय." मग पाहुण्यांकडे वळून, आवाज अजिबात न बदलता, "पोह्यांत लिंबू चालेल ना?"

कुणीतरी फस्सकन हसलं. भालचंद्रराव नव्हते. रेवतीने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. हसून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि पर्स पुन्हा खुर्चीच्या पायाशी ठेवली.

मी धुपाटणं गॅलरीत ठेवून आलो, शर्ट घातला. परत आलो तर ती दाराशेजारी उकिडवी बसून राख बघत होती.

"हे आता पुसायचं ना?" तिने विचारलं.

"नाही, नाही. ओल्यावर हात लावला तर रंग ओढला जाईल. राख आत मिसळेल."

"मग?"

"मग काही नाही. असंच ठेवायचं. पूर्ण वाळू द्यायचं. मग बारीक पेपरने घासायचं, पुसायचं आणि पुन्हा एक हात द्यायचा."

"म्हणजे सगळं परत?"

"शेवटचं तेवढं परत. खालचं सगळं चांगलं आहे, ते कुठे जात नाही."

"आणि हा दादाचा अंगठा?"

"तोही जाईल."

"राग नाही येत?"

"आला की. तुम्ही ऐकलात ना."

ती पुन्हा हसली. कोपऱ्यात आदल्या आठवड्यात पूर्ण झालेलं एक लहान दार उभं होतं, कोरडं. मी तिला ते दाखवलं. तिने बोट वरून फिरवत फिरवत कडेवर आणलं, तिथून पलीकडे नेलं आणि परत आणलं. "कड कुठे सुरू होते ते कळतच नाही," ती म्हणाली.

मला एवढंच हवं होतं. मग मी तिला सांगत सुटलो. कड रंग का पिते, फेविकॉल किती पातळ करायचा, पहिल्या हातानंतर भुशाचे तंतू कसे उभे राहतात, घासताना पेपर लाकडाच्या ठोकळ्याला का गुंडाळायचा. पोहे आले, थंड झाले. भालचंद्ररावांनी स्वतःचे संपवून बहिणीच्या बशीतलेही थोडे घेतले. आत्या स्वयंपाकघराच्या दारातून मला डोळ्यांनी खुणा करत होती, त्यांच्याकडे मी लक्ष दिलं नाही. रेवती ऐकत होती आणि मधूनमधून नेमकं विचारत होती, एवढं मला पुरे होतं.

ते गेल्यावर आत्याने दार लावून घेतलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय बोललास एवढा वेळ तिच्याशी?"

"कडांबद्दल."

"कसल्या कडा?"

"एमडीएफच्या."

आत्याने डोक्याला हात लावला. "आवड काय, निवड काय, स्वयंपाक येतो का, बदली होते का, काही विचारलं नाहीस?"

"नाही."

"पुठ्ठ्याबद्दल बोललास."

"हो."

"झालं तर मग," ती म्हणाली आणि पेले गोळा करायला वाकली. दारं अजून ओली आहेत हे आठवल्यावर तशीच सरळ झाली. त्या संध्याकाळी आम्ही दोघं पाणीसुद्धा त्याच फुलपात्रातून प्यायलो. ती राखेबद्दल एकदाही वाईट वाटल्याचं म्हणाली नाही. मीही ओरडल्याबद्दल काही म्हणालो नाही. आमच्यात ती पद्धतच नव्हती. जेवताना तिने मला वाढलेल्या वाटीत साय जास्त होती, एवढंच.

पुढचे काही दिवस मला काही सुचत नव्हतं. ऑफिसात कालव्याच्या नकाशावर रेघ मारताना तो पर्सचा पट्टा डोळ्यांसमोर यायचा. हातातून चांगली गोष्ट गेली आणि ती आपल्याच आवाजाने गेली, हे मला आतून खात होतं.

मग फोन आला. आत्याने उचलला, ऐकला आणि चेहऱ्यावर काही न दाखवता माझ्या हातात दिला.

"मी रेवती," पलीकडून आवाज आला. "ते दार वाळलं का?"

"वाळलं," मी म्हणालो. "पण अजून घासलं नाही."

"मग घासू नका. रविवारी मी येते. मला बघायचंय."

ती रविवारी एकटी आली. साडीऐवजी जुना सलवार-कमीज घालून आली आणि नाकाला बांधायला स्वतःचा रुमाल घेऊन आली. मी तिला ठोकळ्याला पेपर गुंडाळून दिला. आम्ही समोरासमोर बसून राख घासून काढली आणि मग भालचंद्ररावांचा अंगठाही. आत्या चादरी घेऊन दारातच तयार उभी होती.

लग्न पुढच्या मार्गशीर्षात झालं. कपाट त्याच्या आधीच ओट्याशेजारी बसलं होतं.

ती मला हो का म्हणाली हे मी अनेकदा विचारलं. "दारं आवडली," असं सांगून ती टाळायची. मीही तेच खरं धरून चाललो होतो आणि मनातून थोडा फुशारतही होतो. चांगली कड बघून माणूस ओळखणारी बायको मिळाली, असं मी ऑफिसात सांगितलंही आहे.

परवा मात्र उलगडा झाला. इतक्या वर्षांनी कपाटाच्या दारांचा पांढरा रंग पिवळट पडला म्हणून आम्ही ती काढून हॉलमध्ये मांडली होती. खाली तेच पेले. आत्या आता नव्वदीला टेकली आहे, कानाने कमी आहे. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ती पावटे सोलत होती. मी आणि रेवती घासत होतो. घासता घासता मी म्हणालो, "राख पडली तेव्हा मला वाटलं होतं, तू उठून चाललीस. पर्स उचललीस ना तू?"

"उठणारच होते," ती म्हणाली.

माझा हात थांबला.

"तुम्हाला आमचे अण्णा माहीत नाहीत," ती वडिलांविषयी सांगू लागली. "तुम्ही बघायच्या आधीच गेले. बाहेर त्यांच्याइतका गोड माणूस नव्हता. परक्याने घरातली बरणी फोडली तरी हसून म्हणायचे, असू दे, असू दे. आणि तो परका गेला की... आईच्या हातातली भांडी वाजायला लागायची. ते नुसते उंबऱ्यात आले तरी वाजायची. दादाने अंगठा लावला आणि तुम्ही दात काढून 'असू दे' म्हणालात, तेव्हाच मला अण्णा दिसले. मग तुम्ही आत्यांवर ओरडलात. मी म्हटलं, हेच. अगदी हेच. आणि पर्स घेतली."

"मग?"

"मग आत्यांच्या हातांकडे बघितलं. सवयच आहे मला, ओरडणाऱ्याकडे मी बघत नाही, ज्याच्यावर ओरडतात त्याच्या हातांकडे बघते. निखाऱ्यांनी भरलेलं धुपाटणं होतं हातात. ते हललंसुद्धा नाही." तिने दारावरची भुकटी फुंकली. "एवढी वर्षं हा माणूस असाच ओरडत असणार आणि ही बाई त्याला जराही घाबरत नाही. म्हटलं, इथे राहता येईल."

ती दारं मी महिनाभर घासली होती, आणि ज्या एका गोष्टीवर माझं आयुष्य ठरलं ती माझ्या घासण्यातली नव्हतीच. ती आत्याच्या हातात होती. मला भरून आलं. ते लपवायला मी उगाच जोरात हाक मारली, तिला ऐकू जावं म्हणून अगदी बेंबीच्या देठापासून.

"आत्या! तुला माझी कधी भीती वाटली का गं?"

आत्याने पावट्यांतून मान वर केली. प्रश्न ऐकू आला होता, पण तो आपल्याला नीट कळला आहे याची तिला खात्री वाटेना.

"कुणाची?" तिने विचारलं.

"माझी!"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मग रेवतीकडे पाहिलं, आणि दोघींना एकदमच हसू फुटलं. हसता हसता आत्याच्या मांडीवरचे पावटे घरंगळत ओल्या फडक्याने पुसलेल्या फरशीवर गेले. मी ते वेचायला उठलो.